हरकत, सूचना, निवेदन, निषेध: जाहीरपणे बोलताना नेमका शब्द कसा निवडावा

नाशिक महानगरपालिकेच्या राजीव गांधी भवनात, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आपल्या गावच्या ग्रामसभेत पहिल्यांदाच म्हणणे मांडायला जाणाऱ्या माणसाकडे मुद्दा असतो, तळमळ असते, अनेकदा कागदपत्रेही असतात. कमी पडतो तो नेमका शब्द. मराठीत अशा शब्दांची वाण नाही. मत, अभिप्राय, प्रतिक्रिया, सूचना, हरकत, आक्षेप, तक्रार, निवेदन, मागणी, निषेध हे सगळे शब्द आपण रोज ऐकतो आणि ते एकमेकांच्या जागी चालतील असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्यावर वेगळी जबाबदारी टाकतो. कायद्याने मागवलेली हरकत विचारात घ्यावी लागते, मागणीला होकार किंवा नकार अपेक्षित असतो, निषेध केवळ नोंदला जातो, आणि मताचे पुढे काय करायचे हे सर्वस्वी समोरच्याच्या मर्जीवर राहते. म्हणून कागदावर पहिला शब्द लिहिण्यापूर्वी थोडा विचार केला, तर पुढची बरीच पायपीट वाचते.

पहिली पायरी: काय घडायला हवे ते ठरवा

आपले म्हणणे ऐकल्यानंतर समोरच्याने काय करावे, याचे उत्तर एका वाक्यात लिहून पाहावे. एखादा निर्णय थांबावा असे वाटत असेल तर ती हरकत होय. निर्णय व्हावा, पण वेगळ्या रीतीने व्हावा असे वाटत असेल तर ती सूचना होय. आपल्याला मिळायला हवे ते मिळालेले नाही, नळाला पाणी नाही किंवा दाखला अडकला आहे, तर ती तक्रार होय. नवीन काही हवे असेल तर ती मागणी होय. झालेल्या गोष्टीबद्दलचा राग जगासमोर ठेवायचा असेल आणि उत्तराची अपेक्षा नसेल, तर तो निषेध होय. यांपैकी काहीच नको असून केवळ आपण कसा विचार करतो हे सांगायचे असेल, तेव्हाच ‘मत’ हा शब्द वापरावा.

‘निवेदन’ हा शब्द या सर्वांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. निवेदन म्हणजे मजकूर ज्यात भरून द्यायचा तो कागद. त्याच्या पोटात मागणी असू शकते, तक्रार असू शकते, निषेधही असू शकतो. ‘जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले’ एवढ्यावरून काय मागितले ते कळत नाही, आणि नुसत्या ‘निवेदन’ या मथळ्याखाली दिलेल्या कागदाचे पुढे काय करायचे हे तो हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कळत नाही. म्हणून विषयाच्या ओळीत ‘… बाबत निवेदन’ असे न लिहिता ‘… बाबत तक्रार’ किंवा ‘… करण्याची मागणी’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी: हरकत आणि सूचना यांचा अर्थ नीट समजून घ्या

ही जोडी नवख्या माणसाने सर्वांत आधी शिकावी, कारण सामान्य नागरिकाच्या शब्दाला कायद्याचे बळ येथेच मिळते. ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिशींमध्ये आपण नेहमी पाहतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि ज्यांनी त्या दिल्या त्यांना नियोजन समितीपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल तेव्हा त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली पुन्हा अशीच नोटीस निघते. प्रभाग रचना आणि मतदार यादी यांनाही हाच क्रम लागू पडतो. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा नाशिककरांनी नोंदवलेल्या हरकतींची चर्चा राज्यभर झाली. त्या झाडांविषयी ज्यांना मनापासून वाटत होते त्यांची संख्या मोठी होती, परंतु सुनावणीत ज्यांचे म्हणणे मोजले जाते ते मुदतीत लेखी हरकत देणारेच असतात.

अशा नोटिशीत ‘प्रारूप’ हा शब्द आधी शोधावा. प्रारूप म्हणजे अजून पक्का न झालेला मसुदा. जोवर आराखडा, यादी किंवा रचना ‘प्रारूप’ आहे तोवर दार उघडे असते. ‘अंतिम’ हा शब्द लागला की हरकतीची वेळ संपली, आणि उरते ती तक्रार, मागणी किंवा न्यायालय. मुदतीची तारीख नोटिशीतच दिलेली असते. ती आधी पाहावी आणि मगच मजकुराकडे वळावे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, पाथर्डी फाट्याजवळ खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेला भूखंड अन्य वापरासाठी खुला करण्याचा फेरबदल प्रसिद्ध झाला आहे. रहिवासी सहसा असे लिहितात: ‘मैदान गेले तर मुलांनी खेळायचे कुठे? हा आमच्यावर अन्याय आहे. महापालिकेने याचा गांभीर्याने विचार करावा, असे आम्हा सर्वांचे मत आहे.’ यातला प्रत्येक शब्द खरा आहे, तरीही वाचणाऱ्याला यात हरकत सापडत नाही. कशाला विरोध आहे, कोणत्या कारणाने आहे आणि नेमके काय मागितले आहे, या तिन्ही गोष्टी त्याला अंदाजाने ठरवाव्या लागतात. हेच म्हणणे पुढीलप्रमाणे लिहिता येते:

‘कलम ३७ अन्वये प्रसिद्ध झालेल्या उपरोक्त फेरबदलास माझी पुढील कारणांस्तव हरकत आहे. सदर भूखंडाच्या परिसरात खेळाच्या मैदानासाठी अन्य आरक्षण नाही. जवळच्या शाळेला स्वतःचे मैदान नसल्याने तेथील विद्यार्थीही याच जागेवर अवलंबून आहेत. सबब, प्रस्तावित फेरबदल रद्द करण्यात यावा. तो करणे अपरिहार्य ठरल्यास, तेवढ्याच क्षेत्राचे मैदान याच प्रभागात आरक्षित करावे, अशी माझी पर्यायी सूचना आहे. या हरकतीवर मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.’

येथे हरकत, कारण, मागणी, सूचना आणि विनंती या पाच गोष्टी आपापल्या जागी बसल्या आहेत. ‘सबब’ हा जुन्या दरबारी वळणाचा शब्द आजही कार्यालयीन मराठीत ‘म्हणून’ या अर्थाने चालतो. तो वापरलाच पाहिजे असे नाही, ‘म्हणून’ लिहिले तरी वजन कमी होत नाही. कारणांमध्ये जे लिहाल ते खरे आणि तपासता येण्याजोगे असावे, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते.

‘आक्षेप’ हा हरकतीचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचा रोख वेगळा आहे. हरकत एखादी कृती होण्याला असते, तर आक्षेप त्या कृतीमागच्या मांडणीतील, आकड्यांतील किंवा पद्धतीतील दोषावर असतो. हिशेब तपासनीस ‘लेखा आक्षेप’ नोंदवतो, तेव्हा तो खर्च थांबवत नसतो, खर्चातील चूक दाखवत असतो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंदातील एखाद्या रकमेबद्दल शंका असेल, तर ‘या रकमेवर माझा आक्षेप आहे’ हे म्हणणे योग्य ठरते. तो खर्चच होऊ नये असे वाटत असेल तर हरकत घ्यावी. बोलण्यात ‘काही हरकत नाही’ याचा अर्थ परवानगी होतो आणि ‘ना हरकत दाखला’ हा त्याच अर्थाचा सरकारी कागद आहे. म्हणून सभेत कोणी ‘हरकत आहे का?’ असे विचारले आणि आपण गप्प राहिलो, तर ती संमती धरली जाते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: क्रियापद तपासा

नाम योग्य निवडले आणि क्रियापद चुकले, तर अर्थ उलटतो. मराठीत ‘सूचना करणे’ म्हणजे सुचवणे आणि ‘सूचना देणे’ म्हणजे आदेशवजा सांगणे. ‘आयुक्तांनी अधिकाऱ्यांना सूचना दिल्या’ हे बरोबर आहे, पण नागरिकाने ‘मी आयुक्तांना पुढील सूचना देत आहे’ असे लिहिले तर ते उद्धट वाटते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते. त्याने ‘सूचना करीत आहे’ किंवा ‘सूचना मांडत आहे’ असे लिहावे. ‘मत देणे’ याचा पहिला अर्थ मतदान असा होतो, म्हणून विचार सांगताना ‘मत मांडणे’ किंवा ‘मत व्यक्त करणे’ वापरावे. ‘मत नोंदवणे’ म्हणजे ते कोणाच्या तरी दप्तरी जाईल अशा रीतीने देणे. ‘घोषणा करणे’ म्हणजे जाहीर करणे आणि ‘घोषणा देणे’ म्हणजे नारे लावणे. आपल्या जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या वाक्यात ‘केली’च्या जागी ‘दिली’ घातले, तर एका ऐतिहासिक निर्णयाचा नुसता नारा होऊन जातो.

हरकत घेतली जाते किंवा नोंदवली जाते, आक्षेप घेतला जातो, तक्रार केली किंवा दाखल केली जाते, निवेदन दिले किंवा सादर केले जाते. ‘भूमिका’ घेता येते आणि मांडताही येते, पण दोन्हींत अंतर आहे. भूमिका घेणे हा निर्णय आहे आणि ती मांडणे हे त्याचे स्पष्टीकरण आहे. संघटनेच्या वतीने बोलणाऱ्याने आधी सदस्यांत भूमिका ठरवावी आणि मगच ती जाहीरपणे मांडावी, अन्यथा वैयक्तिक मत संघटनेची भूमिका म्हणून छापून येते आणि मग खुलासे करत बसावे लागते. ‘खुलासा’बाबतही असेच आहे. आपण खुलासा करतो तेव्हा उत्तर देणारे आपण असतो, आणि खुलासा मागतो तेव्हा उत्तराची जबाबदारी समोरच्यावर जाते.

‘अभिप्राय’ आणि ‘प्रतिक्रिया’ यांचा उलगडा थोडक्यात होतो. अभिप्राय मागितल्यावर द्यायचा असतो, आणि देणाऱ्याने त्या गोष्टीचा अनुभव घेतलेला किंवा अभ्यास केलेला असावा अशी अपेक्षा असते. म्हणूनच फाइलवर विधी विभागाचे अभिप्राय येतात आणि प्रदर्शनाच्या दारात अभिप्राय वही ठेवलेली असते. प्रतिक्रिया तात्काळ असते. पत्रकाराने रस्त्यात विचारल्यावर आपण देतो ती प्रतिक्रिया, आणि ती देताना आपण नागरिक म्हणून बोलतो आहोत की एखाद्या मंडळाचे पदाधिकारी म्हणून, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

चौथी पायरी: सभेत बोलताना

ग्रामसभा असो की गृहनिर्माण संस्थेची सभा, तेथील शब्दव्यवहार ठरावाभोवती फिरतो. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. चर्चेत आलेला ठराव बदलून हवा असेल तर सबंध ठरावाला विरोध करण्याची गरज नसते, त्यावर ‘उपसूचना’ मांडता येते. हा शब्द नवख्यांना माहीत नसतो, आणि त्यामुळे एका ओळीच्या दुरुस्तीसाठी चांगल्या ठरावाविरुद्ध हात वर केला जातो. विरोध असेल तर ‘माझा विरोध आहे’ एवढे बोलून न थांबता ‘माझ्या विरोधाची इतिवृत्तात नावानिशी नोंद घ्यावी’ असे म्हणावे. इतिवृत्त म्हणजे सभेच्या कामकाजाची लेखी नोंद. एका जरी सदस्याने विरोध नोंदवला असेल, तर तो ठराव ‘सर्वानुमते’ किंवा ‘एकमताने’ मंजूर झाला असे लिहिता येत नाही, तेथे ‘बहुमताने’ हाच शब्द यायला हवा. इतिवृत्त वाचून कायम करताना हा एक शब्द तपासण्याची सवय प्रत्येक सभासदाने लावून घ्यावी. वर्षानुवर्षांची भांडणे याच शब्दावर उभी राहतात.

विधिमंडळाच्या बातम्यांतून ‘हरकतीचा मुद्दा’ हा शब्द कानांवर पडतो. तो कामकाजाचा नियम मोडला जात असल्याबद्दल असतो, विषयाशी असहमती दाखवण्यासाठी तो उपस्थित करायचा नसतो. आपल्या छोट्या सभेतही नोटीस वेळेत मिळाली नाही किंवा गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती) झालेली नाही, असे मुद्दे आरंभीच मांडावेत. चर्चा संपून निर्णय आपल्याविरुद्ध गेल्यावर ते काढले, तर ऐकणाऱ्यांना तो रडीचा डाव वाटतो.

सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील तालुक्यांत ग्रामसभेचे शब्द आणखी जपून वापरावे लागतात. १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्यात, भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी ‘विचारविनिमय’ करण्याची तरतूद आहे, तर वाळू, मुरूम अशा गौण खनिजांच्या परवान्यासाठी ‘शिफारस’ लागते. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. ‘ग्रामसभेत चर्चा झाली’ या नोंदीचा पुढे ‘ग्रामसभेने मान्यता दिली’ असा अर्थ लावला जाऊ नये, यासाठी ठरावात ‘संमती नाही’ किंवा ‘संमती आहे’ असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे आणि तो ठराव सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगावे. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही आपण कशावर अंगठा उठवतो आहोत ते कळले पाहिजे, हा त्याचा हक्क आहे आणि तो मिळवून देणे हे शिकलेल्यांचे काम आहे.

पाचवी पायरी: टीका आणि आरोप वेगळे ठेवा

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदाने बदनामीसह काही कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. म्हणून टीका आणि आरोप यांच्यातील रेघ लिहिणाऱ्याला दिसायला हवी. ‘रस्त्याचे काम निकृष्ट झाले आहे’ ही टीका आहे, खड्डे आणि छायाचित्रे तिचा आधार आहेत. ‘रस्त्याच्या कामात पैसे खाल्ले’ हा आरोप आहे, आणि तो करणाऱ्याकडे पुरावा असावा लागतो. पुरावा नसेल पण शंका खरी असेल, तर चौकशीची मागणी करावी: ‘कामाचा दर्जा आणि झालेला खर्च यांत तफावत दिसते, म्हणून या कामाची चौकशी व्हावी.’ असे लिहिल्याने धार कमी होत नाही. उलट आरोपाला नुसते ‘आरोप बिनबुडाचे आहेत’ एवढ्या उत्तरावर बोळवण करता येते, चौकशीच्या मागणीला काहीतरी ठोस सांगावे लागते.

सहावी पायरी: रस्त्यावरचे शब्द

निदर्शने म्हणजे एकत्र येऊन घोषणा व फलक यांद्वारे म्हणणे दाखवणे. धरणे म्हणजे एका जागी बसून राहणे, ठिय्या हा त्याचाच अधिक हट्टी प्रकार. मोर्चा चालत जातो आणि शेवटी कोणाला तरी निवेदन देतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चने सहा दिवसांत मुंबई गाठली, तेव्हा त्यात आदिवासी शेतकऱ्यांची वनजमिनीच्या हक्काची मागणी ठळक होती. मागणी इतकी नेमकी असल्यामुळे सरकारशी झालेली चर्चाही मुद्द्यांवर होऊ शकली.

‘सत्याग्रह’ हा शब्द मात्र कोणत्याही निदर्शनाला लावू नये, निदान नाशिकमध्ये तरी नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह येथे सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. मार खाऊन, तुरुंगात जाऊन, हात न उचलता आपला हक्क मागत राहणे असा त्या शब्दाचा अर्थ या शहरात माणसांनी जगून दाखवला आहे. दोन तासांच्या घोषणाबाजीला तो शब्द लावला, तर त्या माणसांचा मान राखला जात नाही.

निवेदनाच्या शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’ हे वाक्य सवयीने घातले जाते. हा ‘इशारा’ आहे आणि तो खरोखर पाळायचा असेल तरच द्यावा. पहिल्याच पत्रात इशारा दिला आणि पुढे काही केले नाही, तर दुसऱ्या पत्राचे वजन आपणच कमी केलेले असते. पहिल्या पत्रात विनंती, दुसऱ्यात मागणी, आणि त्यानंतरच तारीख घालून इशारा, हा क्रम मला योग्य वाटतो.

सातवी पायरी: कागद दिल्यानंतर

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. प्रत्यक्ष अधिकाऱ्याच्या हातात निवेदन देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, तरी ते पोचेची जागा घेऊ शकत नाही. उत्तर न आल्यास नवे निवेदन लिहू नये, ‘स्मरणपत्र’ लिहावे आणि त्याच्या ‘संदर्भ’ या ओळीत पहिल्या पत्राची तारीख व आवक क्रमांक द्यावा. नवे निवेदन दिले की नवा क्रमांक पडतो आणि जुन्याचा विलंब कोणाच्याच खात्यावर राहत नाही. वैयक्तिक स्वरूपाची तक्रार स्थानिक पातळीवर सुटली नसेल, तर ती जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात नेता येते. तेथे वैयक्तिक तक्रारच घेतली जाते, म्हणून संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज न करता स्वतःच्या नावाने करावा.

यानंतरही काही कळले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. या अर्जात प्रश्नाची भाषा वापरू नये. ‘माझ्या हरकतीवर कार्यवाही का झाली नाही?’ असे विचारले, तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता असते, कारण दप्तरात जे आहे तेवढेच देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर असते. अधिनियमातील ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत दप्तरी नोंदलेली अभिमते आणि सल्लेही येतात. म्हणून अर्ज असा करावा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक च्या माझ्या हरकतीवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्या, त्यावरील संबंधित अधिकाऱ्यांचे अभिप्राय आणि सुनावणीचे इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’